जून २०२१ ते ऑगस्ट २०२३

रविवारी साडेदहाला दौलतगंजातल्या वाचनालयाचा
मागचा हॉल मला मिळतो. पंखा एक, टेबलं दोन,
आणि भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे सात फोटो,
ज्यांच्यापैकी कुणालाही कधी
बायोडाटा लिहावा लागला नसावा.

मुलं येतात. कंपूहून, शिंदे की छावणीतून,
हजिऱ्याहून टेम्पोनं.
मोबाइलमध्ये एकच नमुना, कुणीतरी कुणालातरी पाठवलेला:
मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करू शकतो.
छंद: क्रिकेट पाहणे, गाणी ऐकणे.
त्याखाली शपथ, की वरील सर्व माहिती खरी आहे.

‘खरी आहे ना?’ मी विचारते.
रुचिता शितोळे हसते. ‘काकू, सगळे हेच लिहितात.’
मग ‘मेहनती’ खोड, म्हणते मी.
पहाटे चारला उठून मावशीच्या मेसमध्ये
दीडशे डबे भरतेस, ते लिही. आकडा लिही.
आकड्याला कुणी टाळ्या वाजवत नाही,
पण डोळा तिथे थबकतो.

मला माहीत आहे डोळा कुठे थबकतो.
एकोणतीस वर्षं मालनपूरच्या कारखान्यात
पर्सोनेलच्या खुर्चीवर बसून
मी कागद दोन ढिगांत वाटत होते.
डावा ढीग, उजवा ढीग.
चहा गार व्हायच्या आत साठ माणसं.
एकदा एकाला परत पाठवलं,
कारण त्याच्या शर्टाची कॉलर ओली होती.
एकच असणार, धुऊन तसाच घातलेला.
हे तेव्हा मनात आलंच नाही;
आलं ते रिटायर झाल्यावर, कपडे वाळत घालताना.

अंशुल फाळकेच्या कागदावर
जून २०२१ नंतर थेट ऑगस्ट २०२३.
‘इथे मधे काय केलंस?’
‘काही नाही.’
‘काही नाही म्हणजे?’
‘पप्पांचं डायलिसिस होतं. आठवड्यातून तीनदा.
मी घेऊन जायचो.’

मग हळूहळू बाहेर आलं:
दिवसाचं पाणी मोजायचं स्टीलचं भांडं,
मशीनचा नंबर लागावा म्हणून पहाटेची रांग,
कुठल्या सिस्टरशी कसं बोलायचं,
विम्याच्या माणसाला अकरा फोन,
बारावा त्यानंच केला.
माझ्यातली पर्सोनेलवाली जागी झाली.
मी पेन्सिल उचलली: वेळेचं नियोजन. नोंदी ठेवणं.
कठीण माणसांशी

‘ते नका लिहू,’ तो म्हणाला.
आवाज चढला नव्हता.
‘ते विकायचं नाहीये मला.’

पंखा फिरत होता. अध्यक्ष बघत होते.
मी खोडलं. पेन्सिलीचंच होतं, तरी ठसा राहिला.

मग तालीम. मी टेबलाच्या त्या बाजूला,
जिथे आयुष्य काढलं.
दार वाजव. बस म्हटल्यावर बस.
टोकावर नाही, पूर्ण बस,
खुर्ची त्यांची असली तरी पाठ तुझी आहे.
पगार विचारला तर ‘जो आप देंगे’ म्हणायचं नाही.
येत नसेल तर येत नाही म्हण, छताकडे बघू नकोस.
‘ही दोन वर्षं?’ मी विचारलं, कोरड्या आवाजात,
जसं ते विचारतील.

पहिल्यांदा तो खाली बघून बोलला,
दुसऱ्यांदा भराभर.
तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत म्हणाला,
‘वडील आजारी होते. मी घरी होतो.
आता कामाला तयार आहे.’
आणि थांबला.
तीन वाक्यं. चौथ्याला जागा नव्हती.

‘आता तुम्ही या इकडे,’ रुचिता म्हणाली,
आणि सरळ माझ्या खुर्चीत बसली.
‘मॅडम, आपली एखादी कमजोरी सांगा.’
मुलं हसली. उत्तर माझ्याकडे तयार होतं,
सगळे देतात तेच, की मी फार बारकाईनं काम करते.
पण तोंडून निघालं,
‘मी कॉलर बघायचे.’

कुणाला काही कळलं नाही. रुचितानं मात्र
कागदावर काहीतरी टिपून घेतलं,
अगदी खऱ्यासारखं,
आणि मान वर न करता म्हणाली,
‘ठीक आहे. कळवू.’